उद्या आमची पाजणी हाय

मिस केर सोलापुरात आल्या आणि आठ दिवसांत गल्लीने त्यांची केराबाई करून टाकली. त्या नावाच्या दोन बायका गल्लीत आधीच होत्या, एक दूध घालणारी आणि एक सुईण. ही तिसरी गोरी केराबाई कुणाला जड गेली नाही.

बाई स्कॉटलंडच्या, समुद्राकाठच्या कुठल्याशा कोळ्यांच्या गावातल्या. वय सव्वीस-सत्तावीस. तिकडच्या एका मंडळाने हिंदुस्थानातल्या गरिबांच्या मुलांत काम करायला माणसे हवीत असे जाहीर केले, तेव्हा ह्यांनी नाव दिले आणि दोन वर्षांसाठी बोटीत बसल्या. पगार नाही, पोटापुरते मंडळ पाठवी. सात रस्त्याच्या बाजूला त्यांच्यासाठी बंगल्यात खोली ठेवली होती. ती त्यांनी दोन दिवसांत सोडली आणि विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खणांची जागा घेतली. पुढच्या खोलीत शाळा, मागच्या खोलीत त्या स्वतः. हे १९२८ साल.

शाळेत मदतीला आणि बाईंना मराठी शिकवायला मंडळाने एकनाथला नेमले होते. एकनाथ तिशीतला, वाचनालयात दुपारचा कारकून. इंग्रजी पुस्तके त्याने कपाटेच्या कपाटे वाचली होती, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की तोंड उघडत नसे. मराठीतही फारसे वेगळे नव्हते. दुकानात गेला तर दुसऱ्या गिऱ्हाइकांचे सगळे होऊन जाईपर्यंत तो बाजूला उभा राही. काहीही बोलायचे तर आधी मनात वाक्य जुळवायचे, ते उद्धट तर नाही ना हे तपासायचे, आणि मग बोलायचे, अशी त्याची रीत. पुष्कळदा वाक्य तयार होईपर्यंत माणूस पुढे निघून गेलेला असे.

गल्ली लिंगायत विणकरांची. घरात कानडी, दारात मराठी आणि पोरांच्या भांडणात दोन्ही. घरोघरी जमिनीत खड्डा खणून माग बसवलेला. खड्ड्यात पाय सोडून माणूस विणायला बसला की दिवसभर खटखट चाले. पोरे सहा-सात वर्षांची झाली की धोट्यात घालायच्या कांड्या भरू लागत. अशा घरांतून शाळेला मूल सोडणे म्हणजे हातातले काम सोडणे. त्यातून ही बाई परधर्माची. पोरांना बाटवायला आली असे लोक उघड म्हणत. काशम्मा नावाच्या म्हातारीने तर पहिला महिनाभर शाळेच्या उंबऱ्यावर पहारा दिला. आत बाई कुठली प्रार्थना शिकवते का ते कान देऊन ऐकायचे, हे तिने आपणहून अंगावर घेतलेले काम. तिला ऐकू आले ते फक्त पाढे आणि बाईंच्या मोडक्या मराठीतली चिमणीची गोष्ट. तिसऱ्या आठवड्यापासून म्हातारी तिथेच भिंतीला टेकून डुलक्या घेऊ लागली आणि मग आपल्या नातीला, नऊ वर्षांच्या नागम्माला, स्वतःच हाताला धरून घेऊन आली.

एकनाथ हे सगळे बघत होता आणि त्याचे त्यालाच नवल वाटत होते. पोरांच्या हातांना खरूज होती. बाई रोज सकाळी कडुनिंबाचे पाणी उकळून एकेकाचे हात आपल्या हातांनी धूत. पहिल्या दिवशी ते पाहताना एकनाथ नकळत एक पाऊल मागे सरला होता, आणि आपण सरलो हे त्याला घरी गेल्यावर आठवले. घरी मागच्या दारी आईने त्याच्यासाठी अंघोळीचे पाणी काढून ठेवलेले असे. विणकरांच्या गल्लीतून आलेल्या लेकाने तसेच स्वयंपाकघरात येऊ नये, एवढेच रुक्मिणीबाईंचे म्हणणे. तो मुकाट्याने अंघोळ करी. ह्या बाई सातासमुद्रांपलीकडून येऊन जे करतात ते आपल्याला चार गल्ल्या ओलांडून जमत नाही, असे त्याला त्या अंगावर घेतलेल्या प्रत्येक तांब्यागणिक वाटे.

सहा महिन्यांत शाळेत बावीस मुले झाली. त्यांत नागम्मा सगळ्यांत तल्लख. मराठी अक्षरे तिने दीड महिन्यात उचलली आणि मग ती घरी जाऊन बापाच्या मागाच्या लाकडावर कोळशाने लिहू लागली. बाप ईश्वरप्पा अबोल आणि करडा. पण त्याने ते पुसून टाकले नाही. बाईंनी ते एकदा पाहिले आणि एकनाथला म्हणाल्या, दोन वर्षांत माझ्या हातून ही एक मुलगी लिहितीवाचती झाली तरी मी आले ते वाया गेले नाही. त्यांचे सगळे मन त्या मुलीत अडकले होते.

आता पाजणी म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच घडले.

मागावर चढवण्याआधी उभे सूत, म्हणजे ताणा, कडक करावा लागतो. ऐंशी-ऐंशी हात लांबीचा ताणा पहाटे गल्लीत आडव्या बांबूंवर पसरतात, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून ताठ ओढतात आणि त्याला ज्वारीच्या पिठाची खळ पाजतात. मग दोन्ही बाजूंनी माणसे पावलाला पाऊल जुळवत मोठाले कुंचले ओढत जातात. सूत वाळेपर्यंत कुंचला थांबता कामा नये. थांबला तर धाग्याला धागा चिकटलाच. ओढताना धागे तुटतात. तुटलेली टोके शोधायची आणि जुळवायची ती पोरांनी. ताण्याखाली ओणवे होऊन, बारीक बोटांनी. मोठ्या माणसाचा तिथे शिरकाव होत नाही. हे काम एका घराचे नव्हेच. ज्याची पाजणी असेल त्याने आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन सांगायचे, आणि पहाटे सगळ्या गल्लीने, पोराबाळांसकट, हात द्यायचे. त्याला मजुरी नाही. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. ज्याला सांगणे गेले नाही तो गल्लीचा नव्हे.

दिवाळी होऊन गेली होती. कंबर तलाव भरला होता, कमळे फुलली होती आणि पाखरे उतरली होती. गल्लीतल्या पोरांनी कपड्याचे सगळे रंग पाहिले होते, पण गावाबाहेरचे मोकळे पाणी बहुतेकांनी पाहिलेले नव्हते. बाईंनी ठरवले की शनिवारी पहाटे सगळ्यांना चालत तलावावर न्यायचे. पंधरा दिवस त्या ह्याच नादात होत्या. पाखरांची चित्रे काढून त्यांनी भिंतीवर लावली. आयांनाही सांगितले. आयांनी माना डोलावल्या, जशा त्या बाईंच्या सगळ्याच बोलण्यावर डोलावत.

शुक्रवारी शाळा सुटताना नागम्मा एकनाथपाशी आली आणि म्हणाली, "मास्तर, उद्या आमची पाजणी हाय. बाईस्नी सांगा की."

बाईंना तिची गल्लीतली बोली अजून नीट कळत नसे, म्हणून असले निरोप मास्तरांपाशीच येत. एकनाथ बरे म्हणाला. बाई आत उद्याच्या फराळासाठी फुटाण्याच्या पुड्या बांधत होत्या आणि बांधता बांधता आपल्या भाषेत गुणगुणत होत्या. एकनाथ दारात उभा राहिला. मनात वाक्य जुळवू लागला. जुळवले ते त्याला हुकूम केल्यासारखे वाटले. दुसरे जुळवले, ते रडके वाटले. एवढ्या हौसेने बांधलेल्या पुड्या. आपण कोण सांगणारे, बाईंनी आयांना विचारलेच असेल, आणि पाजणी काय, पोरांवाचून होईलही. एवढ्यात बाईंनी वर पाहिले आणि हसून त्याच्या हातात एक पुडी ठेवली. एकनाथ ती घेऊन घरी गेला.

शनिवारी अजून पुरते उजाडले नव्हते तेव्हा ते निघाले. ईश्वरप्पा घराच्या मागे खळ गाळत होता. गल्लीत बांबू लागले होते. बाईंनी हाका मारल्या तशी पोरे घराघरांतून बाहेर आली. आयांना वाटले, कुंचले निघायच्या आत बाई त्यांना परत आणतीलच. नागम्मा आली आणि आधी एकनाथकडे पाहू लागली. मास्तरांनी सांगितले असेल, तरीही बाई बोलावतात, म्हणजे बापाला कळवून मोकळीक घेतली असेल, असेच त्या पोरीला वाटले. एकनाथने मान खाली घातली. पोर रांगेत जाऊन उभी राहिली.

तलावावर पोरांनी काय केले ते लिहायचे तर पानेच्या पाने होतील. बगळे उडाले तेव्हा सगळी एकदम गप्प झाली. एका पोराने पाण्यातल्या आपल्या तोंडाला कानडीत शिवी दिली आणि मग स्वतःच हसत सुटला. बाई परकर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरल्या आणि कमळाचे पान वर धरून त्यावर पाण्याचा थेंब कसा पळतो ते त्यांनी दाखवले. एकनाथ काठावर बसून होता. ऊन चढत होते, तसतसा तो पुन्हा पुन्हा वळून गल्लीच्या वाटेकडे बघत होता.

ते परतले तेव्हा दहाचा सुमार होता. गल्लीत कुंचले आडवे पडले होते. ताणा तसाच बांबूंवर होता, पण सुताचा राहिला नव्हता. धाग्याला धागा चिकटून त्याचा लांबच लांब पापड झाला होता. तुटलेली टोके जागोजागी लोंबत होती. ती जुळवायला पोरे नव्हती म्हणून कुंचले वरचेवर थांबत गेले, आणि उन्हाने आपले काम केले. चार लुगड्यांचे सूत. ईश्वरप्पा उंबऱ्यावर बसला होता. तो उठला, लेकीजवळ आला आणि त्याने तिच्या थोबाडीत मारली. मग आत जाऊन दार लावून घेतले.

काशम्मा तेवढी बाहेर राहिली. बाईंकडे बघून ती म्हणाली, "पाखरं दावाया न्हेली म्हनं पोरं. हितं माज्या ल्येकाची भाकर उडाली की."

बाईंना ते वाक्य समजले नाही. त्यांनी ताण्याला हात लावला, त्याचा कडकपणा बोटांना लागला, आणि त्यांना सगळे समजले.

दिवेलागणीला महादेवाच्या कट्ट्यावर गल्ली जमली. गल्लीत शब्द चाले तो सोमलिंग म्हाताऱ्याचा. त्याचे डोळे गेले होते, पण सुताला हात लावून ते कुठल्या घरचे हे तो अजून सांगे. बाईंना बोलावणे नव्हते. त्या आपण होऊन आल्या आणि खाली मातीत, बायका बसल्या होत्या तिथे बसल्या. एकनाथ त्यांच्या मागे उभा राहिला.

ईश्वरप्पाचे म्हणणे दोनच वाक्यांचे होते. पोरगीला पाजणी ठाऊक असून ती गेली, शाळेने तिला बापाचे ऐकायचे विसरायला लावले. आता ती शाळेला जाणार नाही. मागे बसलेल्या गुरुलिंगने, त्याच्या शेजाऱ्याने, आपलाही पोरगा जाणार नाही असे सांगितले. आणखी दोघेतिघे हो म्हणाले.

मग बाई उभ्या राहिल्या. एकनाथ भाषांतर करायला पुढे होऊ लागला, तर त्यांनी हाताने त्याला थांबवले. दुपारभर त्यांनी ते वाक्य पाठ केले असावे. त्या म्हणाल्या, "चूक माझी. तुमचं काम काय ते मी विचारलं नाही. मुलीची चूक नाही." एवढेच. कारणे दिली नाहीत, रडल्या नाहीत. नुकसान कसे भरून देऊ असे त्यांनी विचारले, तेव्हा सोमलिंगने डोके हलवले.

"हितं पाजणीचं कुनी कुनाला काय देत न्हाय, बाई," तो म्हणाला. "हात देत्यात. हात."

ईश्वरप्पाचा राग मात्र लेकीवरच होता. बाईला काय ठाऊक असणार, ती परकी; पण ह्या पोरीला तोंड नव्हते का, बाईला सांगायला काय झाले होते, असे तो म्हणाला. नागम्मा आजीच्या मांडीशी बसली होती. एका गालावर बोटे उठली होती. तिने बापाकडे पाहिले नाही. तिने एकनाथकडे पाहिले, आणि काहीच बोलली नाही.

त्या पोरीचे ते न बोलणे एकनाथला सोसवेना. नऊ वर्षांची पोर मास्तरांची अब्रू झाकत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वाक्य जुळवले नाही.

"तिनं सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "मला सांगितलं होतं, काल. मी बाईंना सांगितलं नाही."

सोमलिंगने त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले आणि का नाही सांगितले ते विचारले.

"भीड वाटली," एकनाथ म्हणाला.

कुणीतरी हसले. कुणीतरी कानडीत काहीतरी म्हणाले, त्यावर आणखी चारजण हसले. सोमलिंग हसला नाही. "भीड भिकंची बहीन, मास्तर," तो म्हणाला. "ऐंशी हात सुतावर येऊन बसली की ती."

ईश्वरप्पा उठला आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तिला घरी घेऊन गेला. चूक तिची नव्हती, एवढे त्याने मानले. तिला शाळेला पाठवायचे नाही, हे मात्र त्याने मनावर घेतले ते घेतलेच.

परतताना एकनाथला वाटत होते, बाई आता आपल्याला काढून टाकतील, आणि काढावेच. बाईंनी मात्र आपल्या गावची गोष्ट सांगितली. तिथे पुरुष मासळीला जायच्या आधी गळांना शिंपल्यांतले मांस लावून ठेवायचे काम बायकापोरांचे. हजार-हजार गळ. गावात शिकवायला कुणी नवा मास्तर आला की पोरे शाळेत येत नाहीत म्हणून तो चिडे, आणि त्या लहान असताना, बोटांना शिंपल्यांचे काप पडलेले घेऊन, अशा मास्तरांना मनात मूर्ख म्हणत. "आणि इथं येऊन मी तोच मास्तर झाले," त्या म्हणाल्या. मग थांबून एकनाथला म्हणाल्या, की पुढच्या वेळी वाक्य चुकले तरी चालेल, अर्धे बोलले तरी चालेल, पण बोला.

सोमवारी शाळेत एकही मूल आले नाही. बाईंनी खोली झाडली, पाट्या मांडल्या आणि गिरणीच्या आठच्या भोंग्याला ठरल्याप्रमाणे घंटा वाजवली. मग अकरापर्यंत त्या रिकाम्या पाट्यांसमोर बसून राहिल्या. मंगळवारी तसेच. ती दोन दिवसांची बैठक एकनाथने पाहिली, आणि त्यालाच उठून पळावेसे वाटले.

बुधवारी गल्लीत गुरुलिंगची पाजणी होती. बाईंना सांगणे आले नव्हते. त्या पहाटे उठून गेल्या आणि ताण्याच्या टोकाशी, कुणाच्या वाटेत न येता, उभ्या राहिल्या. कुणी या म्हटले नाही, कुणी जा म्हटले नाही. अर्ध्या तासाने एका बाईने खळीचे मडके उचलायला कुणी नाही म्हणून त्यांच्या हातात दिले. तेवढ्यावर त्या पहिला दिवस राहिल्या. नंतरच्या पाजणीलाही गेल्या, आणि तिच्या नंतरच्याही. हळूहळू त्यांना धागे जुळवायला बसवू लागले. पोरांसारखे ताण्याखाली ओणवे व्हायचे, तर बाई उंच. त्यांना जवळजवळ आडवेच व्हावे लागे. त्यांनी जुळवलेला धागा कुंचला आला की पुन्हा सुटे. पोरांना हसू आवरेना. "असं न्हाय, बाई, असं," म्हणत एकेकजण त्यांची बोटे धरून पीळ द्यायला शिकवू लागला. शाळेत त्यांनी ज्या पोरांचे हात धुतले होते, ती पोरे आता त्यांच्या हातांची मास्तर झाली.

हात खळीने फाटले, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. आणि खरे सांगायचे तर त्यांना ते काम कधीच चांगले जमले नाही. एकनाथला सगळ्यांत जास्त कौतुक वाटले ते ह्याचेच. आपल्याला जमत नाही ते चारचौघांसमोर रोज करणे, आणि उद्या पुन्हा तिथे जाऊन उभे राहणे. त्याने जन्मभर ज्या गोष्टीपासून अंग चोरले होते, ती ही बाई न्याहारीआधी करून मोकळी होई.

दुसऱ्या महिन्यात गुरुलिंगचा पोरगा पाटी घेऊन आला. मग दुसरी दोन. पोरे येत ती पाजणी उरकल्यावर, नऊला. म्हणून बाईंनी घंटाच नऊला नेली, आणि गल्लीत ताणा असेल त्या दिवशी ताणा उचलल्यावर. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा झाली, तोवर बाविसांतली एकवीस मुले परत आली होती.

बाविसावी आली नाही. चिकटलेला ताणा ईश्वरप्पाने घरात नेऊन, कोमट पाणी शिंपडून, धागा धागा सोडवला होता. पंधरा दिवस बाप, लेक आणि म्हातारी दुसरे काही करत नव्हती. चारांतली दोन लुगडी निघाली, दोन गेली. बाई मदतीला गेल्या तेव्हा त्याने दारातूनच नको म्हटले. त्यानंतरही तो येता-जाता दिसे, पण शाळेकडे बघत नसे. नागम्मा बघे. बाप पुढे, ती मागे, आणि मान मात्र शाळेच्या दाराकडे वळलेली. अशा दिवशी बाई त्या एका मुलीची पाटी उगाचच पुन्हा पुसून ठेवत. पण त्यांनी कुणाकडून रदबदली केली नाही. एकनाथने एकदा भीत भीत सुचवले, की सोमलिंगला सांगून पाहावे. बाई नको म्हणाल्या. त्याचे नुकसान झाले आहे, तर केव्हा विसरायचे ते त्याने ठरवायचे.

माघात एका संध्याकाळी एकनाथ बाईंचा धडा घेत ओसरीवर बसला होता. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "उद्या पहाटं ताणा हाय, या." आवाज ईश्वरप्पाचा. त्या दिवसानंतरची त्याची ही पहिली पाजणी. तो एकेक दार घेत येत होता. सोमलिंगचे दार झाले. गुरुलिंगचे झाले. बाईंचे बोट पुस्तकातल्या एका ओळीवर होते, ते तिथेच राहिले. एकनाथनेही ओळ पुढे नेली नाही. बाईंच्या आधीच्या दारी आवाज झाला आणि मग पावले थांबली. बाप-लेकीचे काहीतरी हळू बोलणे झाले असावे.

मग ओसरीच्या पायरीशी नागम्मा येऊन उभी राहिली. तीन महिन्यांत ती बोटभर उंच झाली होती.

"बाई, उद्या आमची पाजणी हाय," ती म्हणाली. "अप्पा म्हनला, मनगटावरलं घड्याळ काडून या. सुतात अडकतंय."

बाईंनी मान हलवली. त्यांनी तिथेच घड्याळाचा पट्टा सोडला.

नागम्मा एकनाथकडे वळली. "आन् मास्तर, तुमी बी या. अप्पा म्हनला, बाईचा निरोप बाईला दे, मास्तरापाशी ठिवू नको." एवढे बोलून तिला हसू फुटले आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवशी एकनाथ पहाटे घराबाहेर पडताना आईने कुठे निघालास म्हणून विचारले. त्याने सांगितले. आल्यावर पाणी गरम लागेल का, एवढेच रुक्मिणीबाईंनी विचारले. तो म्हणाला, आज नुसते हातपाय धुईन.

गल्लीत पोहोचला तर सगळे लागले होते. धोतर खोचून तो पुढे झाला, पण त्याच्या हाती कुंचला द्यायला कुणी धजेना. शेवटी ईश्वरप्पाने त्याला शेवटच्या खुंटीपाशी उभे केले. तिथे करायचे काही नव्हते. ताण्याला पाय लागू द्यायचा नाही, शेळी आली तर हाकलायची. बाई ताण्याखाली आडव्या झाल्या होत्या, मनगट उघडे. त्यांच्या शेजारी नागम्मा. दोघींची बोटे एकाच वेळी चालत होती, एकीची झरझर आणि एकीची अडखळत. कुंचले निघाले. माणसांची पावले एकमेकांत जुळली. सगळ्यांच्या माना सुतावर.

पायाशी माती सुटल्यासारखी वाटली म्हणून एकनाथने खाली पाहिले. रात्री कुणीतरी तिथे पाणी ओतले असावे. खुंटी मुळाशी हलत होती, ओढीबरोबर बोटभर पुढे झुकत होती. आणखी चार पावलांत ती उपटली जाऊन ताणा मातीत बसला असता.

"खुंटी," एकनाथ ओरडला. "ईश्वरप्पा, खुंटी."

वाक्य नव्हतेच ते. पण आवाज असा निघाला की देवळावरची पारवी उडाली. त्याने खाली बसून दोन्ही हातांनी खुंटी मिठी मारल्यासारखी धरली. ईश्वरप्पा धावत आला, दगडाने चार ठोके घातले, ओढ तपासली आणि पुन्हा आपल्या जागी गेला. कुंचला क्षणभरही थांबला नाही. ईश्वरप्पाच्या जागी तेवढ्यापुरता गुरुलिंग आला होता. पलीकडे कट्ट्यावर सोमलिंग म्हातारा ऊन खात बसला होता, तो म्हणाला, "मास्तरास्नी आवाज हाय की."

गल्ली हसली. ताण्याखालून बाईंचेही हसू ऐकू आले. एकनाथच्या तोंडावर माती होती, धोतराला खळ लागली होती, आणि त्याला लाजल्यासारखे झाले होते. पण खुंटी त्याने सोडली नाही.

त्या दिवशी ताणा आठलाच उचलून झाला. सूत सुटे, कोरडे, बोट लावले तर वाजेल असे. नऊला घंटा झाली. ईश्वरप्पा मुलीला घेऊन स्वतः दारापर्यंत आला, तिला आत सोडले आणि उंबऱ्यावरूनच बाईंना विचारले, ही परत किती वाजता येईल. बाईंनी उत्तर द्यायच्या आधी त्यालाच विचारले, कांड्या भरायला ती किती वाजता हवी. त्याने थोडा विचार केला आणि बारा म्हणाला.

बाईंनी पुसून ठेवलेली पाटी नागम्माने उचलली. तिच्या बोटांना अजून खळ होती, ती पाटीला चिकटत होती. तिने बोटे परकराला पुसली आणि लिहायला बसली.